कळतं, तर बोलत का नाहीत?

नोव्हेंबर महिना लागला की बँकेत नोकरी केलेल्या माणसाला पेन्शनर मंडळी आठवतात. हयातीच्या दाखल्याचा हा महिना. आपण अजून जिवंत आहोत हे सांगण्यासाठी म्हातारी माणसे काठी टेकत, रिक्षातून, नातवाचा हात धरून शाखेत येत. आता मोबाईलसमोर चेहरा धरला तरी भागते. १९९२ साली तशी सोय नव्हती. त्या वर्षी मी एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. वय तेहेतीस, हुद्दा नवा आणि नियम तोंडपाठ.

एके दिवशी एक निवृत्त मास्तर पत्नीसह माझ्या टेबलापाशी आले. उजवा हात फडक्याच्या झोळीत अडकवलेला. पैसे काढण्याच्या स्लिपवर त्यांनी डाव्या हाताने सही केली होती आणि ती आमच्या कार्डावरच्या नमुन्याशी अजिबात जुळत नव्हती. मी नाव विचारले. मास्तर म्हणाले, "तेच... तेच..." गाव विचारले. पुन्हा "तेच... तेच..." आणि बोट पासबुकावर आपटू लागले. बाई म्हणाल्या, "साहेब, त्यांना सगळं कळतं हो." त्यावर मी जे बोललो ते शब्द आजही मला जसेच्या तसे आठवतात. मी म्हणालो, "बाई, कळतं, तर बोलत का नाहीत?" आणि मास्तरांची बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरचा दाखला आणायला सांगितला. दोघे परत गेले. निरक्षर खातेदारांचे अंगठे साक्षीदारांसमोर घेण्याची रीत शाखेत रोजची होती, पण शिकलेल्या माणसालाही ती लावता येईल हे मला सुचले नाही. नियमाच्या दृष्टीने मी काही चूक केली नव्हती. पुढे माझी बदली झाली. मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत गावोगावची माणसे आली. ते मास्तर मात्र कधी आले नाहीत. मी त्यांना विसरलोच होतो.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये माझ्या थोरल्या भावाला, अण्णांना, पक्षाघात झाला. अण्णा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या खोलीत बसून कर्ण्यावरून 'अमुक गावाला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे' असे सांगणारे. तीस वर्षे सातारा जिल्ह्याने त्यांचा आवाज ऐकला. त्या सकाळी ते अंथरुणावर उठून बसले. उजवा हात उचलेना, तोंड वाकडे झालेले आणि शब्द फुटेना. घरच्यांना वाटले, पित्त झाले. शेजाऱ्यांनी चहा पाजला, तो ठसक्याने छातीत गेला. इस्पितळ गाठेपर्यंत सहा तास उलटले होते. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ निघून गेली होती. त्यात चहामुळे न्यूमोनिया झाला. तरीही डॉक्टरांनी अण्णांना वाचवले, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर गोळ्या होत्या, रक्तदाब होता, 'फिजिओथेरपी' हा शब्द होता. बोलण्याविषयी एक ओळही नव्हती. मी काउंटरवरच्या कारकुनाला विचारले, "यांच्या बोलण्याचं काय?" तो अण्णांकडे पाहून मला म्हणाला, "त्यांना कळतं का पण?" तीस वर्षांनी माझाच प्रश्न माझ्याकडे परत आला होता.

अण्णांना मी पुण्याला माझ्या घरी आणले. चौकशी करता करता एका धर्मादाय रुग्णालयातल्या वाचोपचाराच्या खोलीपर्यंत पोचलो. खोली लहान. टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर एक आरसा आणि चित्रांचे गठ्ठे. यंत्र म्हणून काही नाही. तिथे मराठवाड्यातून आलेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी काम करीत होती. आपण जिला स्पीच थेरपिस्ट म्हणतो ती. आठवड्यातून दोन दिवस, असे सात महिने मी तिच्या खोलीत अण्णांच्या शेजारी बसलो. आज लिहितो आहे ते त्या खुर्चीवरून पाहिलेले आहे.

पहिल्या दिवशी तिने अण्णांना बोलायला सांगितलेच नाही. चमच्याने पाणी दिले, गळ्यावर दोन बोटे ठेवून गिळणे पाहिले आणि आम्हाला सांगितले की सध्या पाणी आणि चहा घट्ट करूनच द्यायचा, पेजेसारखा. मला नवल वाटले. आजारी माणसाला आपण आधी पाणीच पाजतो. तिने समजावले, "काका, गिळायला सगळ्यात अवघड पाणीच. ते घशात पटकन उतरतं, आणि कमजोर झालेला घसा श्वासनलिकेचं दार वेळेवर लावत नाही." बोलणे आणि गिळणे यांचे स्नायू पुष्कळसे तेच, म्हणून रुग्णालयात हे कामही तिच्याकडेच. अण्णांच्या शेजाऱ्याला ही एक गोष्ट माहीत असती, तर न्यूमोनिया टळला असता.

दुसऱ्या आठवड्यात तिने एक ते दहा मोजायला सुरुवात केली आणि अण्णांकडे पाहून थांबली. अण्णा पुढे "अकरा, बारा, तेरा" म्हणत वीसपर्यंत गेले! आम्ही थक्क झालो. लगेच तिने घड्याळ दाखवून 'हे काय' विचारले, तर एक अक्षर नाही. पाठ झालेली साखळी एका वाटेने बाहेर येते, शोधून काढायचा शब्द दुसऱ्या वाटेने. ती दुसरी वाट ढासळलेली असते. म्हणूनच पाढे, आरत्या, वारांची नावे आणि शिव्याही बऱ्याचदा शाबूत राहतात. ज्या अण्णांच्या तोंडून आम्ही उभ्या जन्मात अपशब्द ऐकला नव्हता, त्यांनी एकदा चित्र ओळखता न आल्यावर खणखणीत "च्यायला!" म्हटले. वहिनी लाजेने चूर झाल्या. ती मुलगी मात्र टाळ्या वाजवून म्हणाली, "बघा, आवाज आहे, उच्चार आहे. आता फक्त रस्ता बांधायचा."

अण्णा कुठे नोकरीला होते हे कळल्यावर तिने चित्रांचे गठ्ठे बाजूला ठेवले. एका कागदावर रेघ मारून तिने "कराड" म्हटले. अण्णा म्हणाले, "उंब्रज." मग सातारा, पाचवड, भुईंज, शिरवळ करीत त्यांची गाडी थेट स्वारगेटला आली. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा रडल्या. पुढचे कित्येक दिवस त्या साखळीतला एकेक शब्द सुटा करणे, हाच उपचार होता. 'आपण राहतो ते...' असे म्हणून ती थांबे. नाहीच आले तर पहिला उच्चार देई. तरीही नाही आले तर स्वतः म्हणून दाखवी. घाई कधीच करीत नसे.

या आजाराला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने एका रुग्णाची हकीगत मांडली. तो बहुतेक सगळ्या प्रश्नांना 'टॅन' एवढेच उत्तर देई, पण त्याला बरेच समजत असे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या भागात, पुढच्या बाजूला, जखम सापडली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निक यांनी दुसरा प्रकार दाखवला. त्यात माणूस घडाघडा बोलतो, पण अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही नीट उमगत नाही. 'टॅन' वाचले आणि मला ते मास्तर आठवले. त्यांचे 'तेच... तेच...' म्हणजे वेड नव्हते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी वैद्यकाने ओळखलेली ती एक स्थिती होती, आणि मी मास्तरांकडून बुद्धीचा दाखला मागितला होता.

पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना सुरुवातीला हा त्रास होतो. तरी २०२२ च्या मार्चमध्ये ब्रूस विलिस या हॉलिवूडच्या नटाच्या कुटुंबाने त्याचा आजार जाहीर केला तेव्हा अफेजिया हा शब्द अनेकांनी पहिल्यांदा वाचला. कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० मध्ये पक्षाघात झाला आणि त्यांचे बोलणे बव्हंशी गेले. त्यानंतरही ते कविता लिहीत राहिले, डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले. २०११ साली त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. बोलता न येणे आणि विचार न करता येणे यांत किती अंतर आहे, हे याहून निराळे काय सांगावे?

त्या खोलीबाहेरच्या बाकावर केवळ अण्णांसारखेच लोक नसत. तंबाखू-गुटख्याने स्वरयंत्राचा कर्करोग होऊन ते काढून टाकलेले गृहस्थ होते. गळ्याच्या छिद्रातून श्वास घेणारे आणि अन्ननलिकेतून आवाज काढायला शिकणारे. दुभंगलेला टाळू शिवलेली मुले होती, तोतरे बोलणारे कॉलेजकुमार होते. कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेली एक चार वर्षांची चिमुरडी होती. तिचे मला विशेष वाटे. केंद्र सरकारच्या 'अडिप' योजनेतून अशी महागडी शस्त्रक्रिया लहान मुलांना मिळते, ही मोठीच गोष्ट आहे. पण यंत्र बसवले म्हणजे मूल बोलू लागले असे नसते. कानावर पडणारा आवाज म्हणजे शब्द आहे, हे त्याला कित्येक महिने, कधी वर्षे, शिकवावे लागते. त्या चिमुरडीचे आईवडील नव्वद किलोमीटरवरून येत. एक दिवसाची मजुरी बुडवून.

इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. आम्ही शेतकऱ्याला विहिरीसाठी कर्ज देत असू. पण विहीर खणून झाली आणि मोटार-पाइपलाइनीला पैसे नाहीत, तर पाणी विहिरीतच राहते आणि कर्जही बुडते. आपल्या आरोग्यव्यवस्थेचे तसे झाले आहे. बहुतेक विमा पॉलिसी आणि सरकारी योजना खाटेवर झोपलेल्या रोग्यासाठी आहेत. शस्त्रक्रियेला पैसे आहेत, अतिदक्षता विभागाला आहेत. रोगी उठून चालत उपचाराला येऊ लागला की खर्च त्याचा त्याने पाहावा. आणि वाचोपचार तर सगळाच उठून येण्याचा. जीव वाचवायला काही लाख खर्च झाल्यावर त्या जिवाला बोलते करण्याच्या काही हजारांसाठी कोणी वाली नाही.

या उपचाराने खरोखर फरक पडतो का, असे कोणी विचारेल. 'कॉक्रेन' या संस्थेने २०१६ साली ५७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. वाचोपचाराने वाचाघात झालेल्यांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे सुधारते, असे त्यात दिसले. भरपूर तास आणि दीर्घकाळ दिलेला उपचार काहींना अधिक उपयोगी पडतो, असेही सूचित झाले. आपल्याकडे आठवड्याला दोन तास मिळाले तरी नशीब म्हणायचे.

मग माणसे का कमी? हा व्यवसाय आपल्याकडे काही कालपरवाचा नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात साठच्या दशकातच याचे शिक्षण सुरू झाले. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ ची. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. पुनर्वसन परिषदेचा कायदा १९९२ चा. या विषयाची पदवी घेतलेल्यांची नोंदणी ती परिषद करते. शिक्षण इंटर्नशिप धरून चार वर्षांचे. पण शिकलेली मुले मुंबई-पुण्यात राहतात, नाहीतर परदेशी जातात. आमच्या त्या मुलीच्या काही वर्गमैत्रिणी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत आहेत. तिची स्वतःची नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर होती आणि दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी तिचा चेहरा उतरलेला असे. मी तिला विचारले, "गावाकडे का गेली नाहीस?" ती म्हणाली, "काका, पद कुठंय?"

हे उत्तर मी तपासून पाहिले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत आणि तिथे श्रवण व वाचोपचारतज्ज्ञाचे पद धरलेले आहे. चांगलेच आहे. पण ती केंद्रे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्याच जिल्ह्यात बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याची वाचा गेली तर त्याने कुठे जावे?

कायदा मात्र एक पाऊल पुढे गेला आहे. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत वाचेचा समावेश नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आले आणि वाचा-भाषादोषात अफेजियाचा स्पष्ट उल्लेख झाला. म्हणजे प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली. प्रमाणपत्र मिळू नये, माणूस बोलावा, ही सोय व्हायची आहे.

आणखी एक मुद्दा, जो लेखक म्हणून मला अधिक खुपतो. हा उपचार भाषेचा आहे, आणि भाषा प्रत्येकाची आपापली. त्या खोलीतल्या चित्रांच्या एका छापील संचात पाव भाजायचे यंत्र होते, बर्फाचा माणूस होता. अण्णांना ते कसे ओळखू यावेत? त्या मुलीने स्वतः तवा, सुपली, खलबत्ता, कंदील, एस.टी. यांची चित्रे काढून कार्डे बनवली होती. चित्रांचे एक झाले, व्याकरणाचे त्याहून कठीण. इंग्रजी माणूस आंबा खातो काय, चिंच खातो काय, त्याचे क्रियापद बदलत नाही. आपण मात्र आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं म्हणतो. इंग्रजीतल्या चाचणीचे नुसते भाषांतर केले तर ही अडचण चाचणीत येणारच नाही, पण रोगी तिथेच अडखळतो. पुन्हा वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारा आहे. घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणारा सोलापूरचा विणकर आहे. मराठीच्या नावाने आपण पुष्कळ भांडतो. एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने आणि वाचोपचाराच्या विभागाने एकत्र बसून या कामासाठी शब्दसूची, चित्रे, चाचण्या तयार केल्या, तर ती भाषेची सेवा ठरणार नाही काय?

जिथे अतिदक्षता विभागाची खाट मिळत नाही तिथे बोलण्याचे लाड कशाला, असा आक्षेप येईल. तो मला मान्य नाही. एक तर या कामाला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही, शिकलेला माणूस आणि शांत खोली लागते. दुसरे, न बोलणारा रोगी कुठे दुखते ते सांगू शकत नाही. आणि तिसरे, आपल्याकडे म्हणच आहे की बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही. वाचा गेलेल्या माणसाचे घरातले स्थानच जाते. त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलले जाते. शेताच्या वाटणीचे कागद त्याला न विचारता पुढे सरकवले जातात.

मागण्या फार मोठ्या नाहीत. घरी सोडतानाच्या कागदावर गिळणे आणि बोलणे यांची एक सक्तीची ओळ. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोठ्या माणसांसाठी वाचोपचारतज्ज्ञाचे एक कायम पद. विम्यात आणि योजनांत ठरावीक बैठकांचा खर्च. २०२० च्या टाळेबंदीनंतर व्हिडिओवरून उपचार करण्याची रीत पडली. अण्णा गावी परतल्यावर सूनबाई मोबाईल धरून बसे आणि उपचार चालू राही. रेंज गेली की अर्धा तास वाया, पण काहीच नसण्यापेक्षा ते बरे. तालुक्याच्या दवाखान्यात एक खोली, एक पडदा आणि मदतीला एक शिकवलेली व्यक्ती दिली, तर हे नेटके होईल.

बँकांनाही सांगणे आहे. सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराच्या हाताचा, नाही तर पायाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घ्यावा, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. ती काउंटरवरच्या पोरांना माहीत असावी.

आणि वाचकहो, घरच्यांनी करायचे ते तर फुकटचे आहे. टी.व्ही. बंद करावा. एका वेळी एकानेच, हळू, लहान वाक्यात बोलावे. ओरडू नये, तो बहिरा झालेला नाही. हो-नाही असे उत्तर येईल असा प्रश्न विचारावा. पण 'हो'च्या जागी 'नाही' निघू शकते, म्हणून खूण करून खात्री करावी. कागद-पेन्सिल जवळ ठेवावी. आणि सर्वांत अवघड म्हणजे, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये.

अण्णा आज पूर्वीसारखे बोलत नाहीत. दोन-तीन शब्दांची वाक्ये, मध्ये लांब खंड. दमले की तेही नाही. पण नातीला नावाने हाक मारतात आणि भाजीत मीठ कमी पडले तर सांगतात. गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाईलवर करून देतो म्हटले, तर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बँक. मी. जाणार."

आम्ही गेलो. तिथल्या अधिकारी बाईंनी नाव विचारले. अण्णा थांबले. मागे रांग होती, कोणीतरी खाकरले. वहिनींचे ओठ हलले तसा मी त्यांना हाताने थांबवले. बाईंनी पेन खाली ठेवले आणि अण्णांकडे पाहत बसल्या. मिनिटभर तरी गेले असेल. मग अण्णांनी आडनावापासून सुरुवात करून आपले नाव सांगितले.

मिनिटभरच लागले. १९९२ साली माझ्याकडेही तेवढा वेळ होता.